तुतारीची गवसणी

मराठी माणूस कापडाच्या बाबतीत एरवी काटकसरी. पण आकाशाचा विषय निघाला की तो हात आखडत नाही. दहावी-बारावीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात निदान चार मुलं आकाशाला गवसणी घालतात. उरलेल्यांना सत्काराचे पाहुणे 'तुम्हीही घाला' असा उपदेश करून चहाला निघून जातात. मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर, त्यातून बँकेतला कारकून. माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो मापाचा. आकाशाचा घेर किती? कापडाचा पन्हा किती? शिलाई कोणाच्या नावे टाकायची? आणि उद्या आकाश बाहेर काढायची वेळ आलीच, तर नाडी कोणत्या बाजूला? आजवर एकाही वक्त्यानं भाषणाला अंदाजपत्रक जोडलेलं मी पाहिलं नाही.

वास्तविक गवसणी ही फार गरीब वस्तू. वाद्याला घालायची खोळ, बस्स. मोल्सवर्थसाहेबानं १८३१ साली मराठीचा जाडजूड कोश काढला, १८५७ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. त्यात गवसणी आहे आणि तिचा अर्थ हाच आहे. उशीला अभ्रा, तलवारीला म्यान, वीणेला गवसणी अशी आपल्या भाषेनं एकेकाची वेगवेगळी सोय लावून दिली होती. आता सगळ्यांना मिळून एकच 'कव्हर'. मोबाईलला कव्हर, गादीला कव्हर, पासबुकाला कव्हर. गवसणी तेवढी आकाशाच्या वाट्याला गेली. 'गवसणे' म्हणजे सापडणे. पण खोळीत घालून नीट ठेवलेली वस्तू आमच्या घरात तरी अजून कोणाला गवसलेली नाही.

हा शब्द जमिनीवर चालताना मला पहिल्यांदा दिसला तो तुळजापुरात. माझी तिथं बदली झाली होती. सोलापूरहून पंचेचाळीसेक किलोमीटर, बालाघाटच्या डोंगरावर वसलेलं गाव. जिल्ह्याचं नाव तेव्हा उस्मानाबाद होतं; २०२३ साली ते धाराशिव झालं आणि आमच्या शाखेतले सगळे रबरी शिक्के एका दिवसात पुराणवस्तू झाले. या गावात कामाला बसायचं म्हणजे कानांत संबळ, हलगी आणि झांजा घेऊन बेरीज करायची. मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तर मी आकडे मोठ्यानं म्हणत असे, नाहीतर हातचा एक गोंधळ्यांबरोबर निघून जाई.

एका सकाळी माझ्या खिडकीपुढे एक गृहस्थ आले. पांढरं धोतर, डोक्याला फेटा आणि काखेत सोलापुरी चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, सहा महिन्यांच्या पोराएवढं. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं. शिपाई दचकला. चादर सोडली, तर आत तुतारी. दोन तुकड्यांत सोडवलेली, पितळेची आणि मधोमध पोचा आलेली. सारं गाव त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. तिसऱ्या पिढीची तुतारी. लग्नाच्या वराती, पुढाऱ्यांचे सत्कार, मिरवणुका, यावर घर चालायचं. एका प्रवासात तिच्यावर ज्वारीचं पोतं आलं होतं. मामांना मुलासाठी दुसरी तुतारी घ्यायची होती, म्हणून कर्जाची चौकशी.

"ही आज्यानं घेतली वो सायेब, हाली सिक्क्यात," मामा म्हणाले.

तुळजापूर १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानात होतं आणि तिथं निजामाचं स्वतःचं नाणं चाले, तो हाली सिक्का. इंग्रजी कलदार शंभर रुपये म्हणजे हाली एकशे सोळा रुपये, दहा आणे, आठ पै. हा हिशेब ज्या कारकुनांनी रोज तोंडी केला असेल, त्यांना मी अजूनही मनातल्या मनात उठून नमस्कार करतो.

तर तुतारी. दोन अर्धगोल नळ्या, एका टोकाला फुंकायचा लहानसा पेला, दुसऱ्या टोकाला धोतऱ्याच्या फुलासारखं पसरलेलं तोंड. त्या दोन नळ्या एका बाजूनं जोडल्या की चंद्रकोर होते, एक नळी उलटी फिरवून जोडली की इंग्रजी 'एस'. मोजक्या दोन-चार स्वरांवर तिचं सगळं राज्य. पण ती वाजली की मुहूर्ताला उशीर झाला असला तरी मंडळी उठून उभी राहतात. केशवसुतांनी १८९३ साली तिच्यावर कविता लिहिली आणि अख्ख्या मराठी कवितेला जागं केलं. वाजवून झाल्यावर ती कशात घालून ठेवायची, याबद्दल मात्र कवीनं एक अक्षर लिहिलेलं नाही. इतिहासही कवींसारखाच. रायगडावर नगारखान्याचा दरवाजा अजून उभा आहे, तिथं काय काय वाजलं असेल यावर आपण तासभर बोलू शकतो. नगारे पावसाळ्यात कशानं झाकत होते, असं कुणी विचारलं की वक्ता घड्याळाकडे बघतो.

कागदांचं मात्र तसं नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुन्या कागदांच्या गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणतात, कारण ते कागद रुमालातच बांधलेले असत. फडक्याचं नावच आतल्या मालाला लागलं. रियासतकार सरदेसायांनी त्या दप्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले. त्या कामामागे फडकं बांधणारे किती अनामिक हात असतील! कागदाला वाळवी लागते हे कारकुनाला लवकर कळतं, म्हणून त्यानं कागद बांधले. पितळेला काय लागतं, हे मात्र ज्याच्या घरी पितळ असतं त्यालाच ठाऊक.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त यांचं एकत्र कुटुंब. कल्हई गेलेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की ते कळकतं, हे आपल्या आज्यांना रसायनशास्त्राशिवाय माहीत होतं. आंबट आणि खारट हे पितळेचे दोन जुने वैरी. आता गंमत अशी, की वाजवणाऱ्याच्या तळहाताचा घाम खारटही असतो आणि थोडा आंबटही. त्यामुळे वाद्याचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे त्याच्यावर प्रेम करणारा माणूस. रोज एकाच जागी हात पडला की तिथलं जस्त हळूहळू निघून जातं आणि तांबं मागे राहतं, कमावता भाऊ वेगळा निघावा तसं. पितळ तिथं गुलाबी दिसायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं काय सुंदर रंग चढलाय, आणि आत मात्र ते पोकळ होत असतं. म्हणूनच ट्रम्पेटवाले पकडण्याच्या जागी चामड्याची पट्टी गुंडाळतात, तिला बारीक नाडी किंवा बटणं असतात. मामांच्या तुतारीला तशी पट्टी नव्हती, पण हाताच्या जागी जुन्या फेट्याची चिंधी घट्ट बांधलेली होती. आज्यानं बांधली होती म्हणे. चिंध्या बदलत गेल्या, जागा तीच.

ट्रम्पेट आणि तुतारी यांच्यातला फरक महाराष्ट्राला २०२४ साली एकदम महत्त्वाचा वाटू लागला. लोकसभेच्या निवडणुकीत एका पक्षाला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं आणि दुसरीकडे अपक्षांच्या यादीतल्या 'ट्रम्पेट'चं मराठी भाषांतरही 'तुतारी' असंच झालं. लोक त्याला पिपाणी म्हणू लागले आणि चहाच्या टपरीवर वाद्यशास्त्राच्या चर्चा झडल्या. ट्रम्पेट हे पलटणींबरोबर आलेलं बँडचं वाद्य. पलटणींचे बँड बघून आपल्याकडे लग्नाचे बँड निघाले आणि त्यांची वाद्यं करणारं गाव झालं मेरठ. तिथल्या जली कोठी भागात १८८५ साली सुरू झालेली नादिर अली कंपनी या धंद्यातलं मोठं नाव. बँडचं वाद्य पेटीसकट येतं, आत मखमल, कोपऱ्यांना पत्रा. तुतारी येते ती नागडी. सुनेला माहेरून ट्रंक मिळावी आणि लेकीला पिशवी, त्यातला हा प्रकार.

पेटीची कल्पना मी मामांपुढे मांडली. ते ऐकून घेऊन म्हणाले, "सायेब, पेटीत घातली की मेली बगा ती. झाकत्यात ते मढं. वाजणारी चीज कशापायी झाकायची?"

याच्यात धंद्याचाही एक मुद्दा होता, तो मला दोन दिवसांनी बाजारात समजला. मामा तुतारी खांद्यावर घेऊन महाद्वाराजवळच्या गर्दीतून चालले होते. तेवढ्यात लातूरकडच्या एका यजमानानं त्यांना थांबवून लग्नाची तारीख विचारली. काखेत पेटी असती, तर यजमानानं त्यांना विमा एजंट समजून रस्ता ओलांडला असता. उघडी तुतारी म्हणजे मामांची पाटी होती. जपायची तर झाकली पाहिजे, पोट भरायचं तर दिसली पाहिजे. आमच्या बँकेत सोनंतारण कर्जाला हाच पेच पडतो. दागिना तिजोरीत सुरक्षित असतो, पण लग्नाला जायचं असतं.

जगात हा प्रश्न नीट सोडवणारा पहिला माणूस इजिप्तमध्ये होऊन गेला. तुतनखामेन राजाची कबर हॉवर्ड कार्टरला १९२२ साली सापडली, त्यात दोन कर्णे होते. एक चांदीचा, एक काशासारख्या धातूचा. सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचे. आणि प्रत्येक कर्ण्याच्या पोटात, नेमका आतल्या मापाचा, रंगवलेला लाकडी गाभा बसवलेला! वरून गवसणी घातली तर धक्का आत पोचतो. आतून गाभा असला तर पत्रा चेपतच नाही. वाजवताना गाभा काढायचा, वाजवून झालं की घालायचा. कोणा सुताराचं हे डोकं, त्याचं नाव कुठं नाही. १९३९ साली ते कर्णे बीबीसीच्या कार्यक्रमासाठी फुंकले गेले आणि जगानं रेडिओवर ऐकले. पुढं २०११ च्या धामधुमीत कैरोच्या संग्रहालयातून काशाचा कर्णा चोरीला गेला आणि काही आठवड्यांनी मेट्रोच्या स्थानकात एका बॅगेत सापडला. चोर कसाही असो, त्यानं बॅग वापरली.

ही हकिकत मी मामांच्या घरी चहा पिता पिता सांगितली. मामा राजाच्या कर्ण्याची लांबी विचारत होते. मामी चुलीपाशी होत्या. त्यांनी काही न बोलता कोनाड्यातून तुतारीचं पसरट तोंड आणून माझ्यापुढं धरलं. आत जुन्या इरकली लुगड्याचा घट्ट बोळा. "म्हागं पोरानं पाडलीती," त्या म्हणाल्या, "तवापास्नं भरून ठिवतो. यांना ठावं न्हाई." बोळा भरलेला होता म्हणून त्या पोत्याखाली हे तोंड शाबूत राहिलं होतं आणि पोचा आला होता तो नळीला. तोंडाजवळच्या रुंद भागातला लहान पोचा आवाज फारसा बिघडवत नाही. फुंकायच्या बाजूला नळी अरुंद असते, तिथला पोचा मात्र सुराला धरून ओढतो. मामींनी राखलं ते तोंड. नळीचं निस्तरायला मामांना आठवडा लागला.

त्याच बैठकीत आणखी एक उलगडा झाला. तुतारीवर जागोजागी काळे पट्टे होते. मामांचं म्हणणं, दृष्ट लागली. मी चादरीकडे पाहिलं. ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी बांधलेली. आमच्या शाखेत एका खातेदारानं लक्ष्मीचं चांदीचं नाणं रबरबँड लावून लॉकरात ठेवलं होतं, वर्षानं काढलं तर लक्ष्मीच्या कमरेला काळा पट्टा. रबर टिकाऊ करताना त्यात गंधक घालतात आणि गंधकाचं चांदीशी, तांब्याशी, पितळेशी जन्माचं वाकडं. नोटांचीसुद्धा हीच कथा, फक्त तिथं गुन्हेगार पिन. रिझर्व्ह बँकेनं २००१ साली नोटांच्या गड्ड्यांना पिना मारणं बंद करायला लावलं, तेव्हा कुठं नोटेला अंग सांभाळून कागदी पट्टी मिळाली. मी पट्ट्या सोडायला सांगितल्या. मामांनी सोडल्या आणि वर लिंबू-मिरचीही बांधली. कोणत्या उपायानं गुण आला, यावर आमचा मतभेद आहे.

आता गवसणी. मामा अजून 'मढं झाकत्यात' यावर अडून होते. नवरात्र तोंडावर आलेलं. मामी पुन्हा चुलीपासून म्हणाल्या, "दसऱ्याला आईला दिंड बांधत्यात, ते काय झाकून ठिवायला व्हय? जपून न्यायला."

ज्यांनी तुळजापूरचं सीमोल्लंघन पाहिलं नाही, त्यांच्यासाठी सांगायला हवं. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे ती सिंहासनावरून हलवता येते. दसऱ्याच्या पहाटे ती पालखीत बसून मंदिराभोवती प्रदक्षिणा करते. पालखी येते नगरजवळच्या बुऱ्हाणनगरहून, पलंगही तिकडूनच. निघण्यापूर्वी मूर्तीला धक्का लागू नये म्हणून एकशे आठ साड्यांचं दिंड गुंडाळतात. कुंकवाची उधळण, संबळाचा कल्लोळ, माणसांवर माणसं, आणि मधोमध आई साड्यांच्या थरांत सुखरूप. प्रदक्षिणेनंतर ती कोजागरीपर्यंत पलंगावर निजते, ती श्रमनिद्रा. जगन्माता स्वतः प्रवासाला निघताना अंगाभोवती एवढं कापड घेते, तिथं एका तुतारीनं काय म्हणून ताठा धरावा? मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. माणूस हरला की असंच करतो.

दुसऱ्या दिवशी आम्ही शिंप्याकडे गेलो. मास्तरांचं दुकान खण-नारळाच्या ओळीत, भोवती परड्या आणि कवड्यांच्या माळा. कापडाची निवड माझ्याकडे आली. रेक्झिन दिसायला झकपक, पण त्याला हवा खेळत नाही. फुंकून फुंकून नळीत पाणी साचतं, ते ओतून, पुसून, वाळवून मगच वाद्य ठेवायचं असतं. घाईत ठेवलं आणि वर रेक्झिन असलं, तर आत घाम धरतो आणि पितळेवर हिरवा कळंक चढतो. चामडं दिमाखदार, पण ओल धरून बसतं, आणि पावसाळ्यात त्याला बुरशी येते. मखमलीला धूळ. शेवटी मी लाल खारवा निवडला. व्यापाऱ्यांच्या चोपड्यांना आणि जुन्या खतावण्यांना पिढ्यान् पिढ्या ज्यानं सांभाळलं, ते जाडंभरडं सुती कापड. आमच्या धंद्याची तेवढीच भर. आतून अस्तर मामींच्या लुगड्याचं, कारण सुती कापड जितकं जुनं तितकं मऊ. पदराचा काठ वाया घालवायचा नाही अशी मामींची अट होती.

मास्तरांनी माप घ्यायला टेप काढली आणि थबकले. चाळीस वर्षं त्यांनी माणसं शिवली होती. छाती, कंबर, खांदा. 'एस'च्या आकाराचा माणूस त्यांच्याकडे आला नव्हता. एकदा त्यांनी कागदावर आकृती काढली, ती सापासारखी निघाली. मग भोपळ्यासारखी. मामा म्हणाले, "सरळ पिशवी शिवा की." पण सरळ पिशवीत तुतारी हलते, आणि हलणारी वस्तू स्वतःवरच आपटते. मिरजेला विचारावं असं माझ्या मनात आलं. तिथल्या शिकलगारांनी, म्हणजे तलवारींना पाणी देणाऱ्यांनी, एकोणिसाव्या शतकात सतारी आणि तंबोरे करायला घेतले. २०२४ साली त्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण तंबोरा बिचारा सरळ नाकाचा. तुतारीपुढे मिरजही अडली असती.

अर्धा तास गेला. मग मास्तरांनी तुतारीचे दोन तुकडे सुटे केले, हातात धरून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. "ह्या बाह्या हैत," ते म्हणाले.

खरंच होतं. कोपरात वाकलेल्या दोन बाह्या. एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची, मध्ये माणूस नाही. मास्तरांनी सदऱ्याच्या बाहीचा कागद लावून खारवा बेतला, रुंद तोंडाकडे झग्यासारखा घेर दिला, जोडाजवळ नाडी ओवली. फुंकायच्या पेल्यासाठी मास्तरांनी न सांगता वेगळा खिसा केला, घड्याळाच्या खिशासारखा. गवसणीला खांद्यावरून घ्यायचा पट्टा लावला आणि रुंद तोंडाच्या बाजूला बंद सैल ठेवला. बाजारात शिरताना मामा तेवढं तोंड उघडं काढतात. यजमानाला पाटी दिसते, बाकीची तुतारी घरच्या लुगड्यात असते.

कर्जाचा अर्ज मी स्वतः भरला. मुद्रा योजनेतलं लहानात लहान कर्ज, २०१५ पासून अशांनाच देण्यासाठी निघालेलं. दरपत्रकात लिहिलं : तुतारी १ नग, गवसणी २ नग. साहेबांनी पेन्सिलीनं 'गवसणी'भोवती गोल केला आणि विचारलं, "हे काय?" मी सांगितलं. त्यांनी 'कव्हर' असं लिहिलं आणि दोनाचा एक केला. जुनी तुतारी ही नवी मालमत्ता नव्हती, तिच्या गवसणीला कर्ज बसत नव्हतं. नियमानं ते बरोबरच होतं. जुनीचे पैसे मामींनी बचतगटातून उचलले.

मास्तरांची पावती अजून कर्जाच्या फायलीत आहे. तपशिलाच्या रकान्यात त्यांनी गवसणीही लिहिलेलं नाही आणि कव्हरही. तिथं लिहिलंय : बाह्या, दोन जोड, अस्तरासह.